चालत्या घराची बॅटरी: निवड आणि चार्जिंग

मोटरहोम, कॅम्परव्हॅन किंवा कॅरॅव्हॅन अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या राहत्या वाहनात दोन स्वतंत्र वीजव्यवस्था असतात. त्यांपैकी एक इंजिन सुरू करण्यापुरती असते आणि दुसरी इंजिन बंद असताना दिवे, पंखे, फ्रिज व पाण्याचा पंप चालवते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांना राहते रूप देण्याकडे कल वाढला आहे, तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशा वाहनांचा परिचय त्याआधीपासूनचा आहे. दोन्हीकडे एक तक्रार मात्र सारखीच ऐकू येते, की राहण्याची बॅटरी दोन वर्षांतच बसली. याचे खापर बहुधा कंपनीवर फोडले जाते. वास्तविक शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्या वापराने झिजण्यापेक्षा अर्धवट चार्ज राहिल्यामुळे अधिक लवकर निकामी होतात. म्हणून बॅटरी निवडण्याआधी ती कशाने, किती वेळ आणि किती व्होल्टेजवर चार्ज होणार आहे, याचा विचार व्हावा लागतो.

इंजिनाच्या आणि राहण्याच्या बॅटरीतील फरक प्लेटच्या बांधणीत आहे. डिझेल इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर तीनेकशे अँपिअर प्रवाह खेचते, परंतु तो जेमतेम तीन सेकंद, म्हणजे हिशेबाने पाव अँपिअर-तास इतकीच वीज खर्च होते आणि आल्टरनेटर ती काही मिनिटांत भरून काढतो. इतका मोठा प्रवाह क्षणात देता यावा यासाठी या बॅटरीत पातळ आणि सच्छिद्र प्लेट पुष्कळ संख्येने बसवलेल्या असतात; ती रात्रभर उतरवत नेली, तर प्लेटवरचा क्रियाशील थर सुटून तळाशी साचू लागतो आणि थोड्याच आवर्तनांत बॅटरी निरुपयोगी होते. डीप-सायकल बॅटरी म्हणजे खोलवर उतरवून पुन्हा पूर्ण भरण्याचे आवर्तन शेकडो वेळा सोसणारी बॅटरी. तिच्या प्लेट जाड व घट्ट असतात. भारतात घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली ट्युब्युलर बॅटरी याच कुळातली असून तिच्या धन प्लेटमध्ये शिशाच्या मिश्रधातूच्या काड्यांभोवतीचा क्रियाशील पदार्थ सच्छिद्र नळ्यांमध्ये धरून ठेवलेला असतो. अमेरिकेत गोल्फ-गाडीसाठी बनवलेल्या 6 व्होल्टच्या, सव्वादोनशे अँपिअर-तासांच्या आसपासच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 12 व्होल्ट मिळवण्याची पद्धत रूढ आहे आणि ती अजूनही शहाणपणाची आहे. तेथील दुकानांत ‘मरीन’ किंवा ‘आरव्ही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांपैकी अनेक मात्र मधल्या जातीच्या असतात. वेष्टनावर अँपिअर-तासांऐवजी इंजिन सुरू करण्याच्या प्रवाहाचा आकडा ठळक छापलेला दिसला, तर ती खरी डीप-सायकल नाही असे समजण्यास हरकत नाही.

घरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त आणि टिकाऊ आहे म्हणून ती गाडीत ठेवण्याचा मोह होतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. 150 अँपिअर-तासांची अशी बॅटरी आम्लासह पन्नास-साठ किलोंची व उंच डब्याची असते आणि ती एका जागी स्थिर राहील हे गृहीत धरूनच घडवलेली असते. घाटातील वळणे आणि खड्डे यांमुळे आम्ल झाकणांतून बाहेर येते आणि सततच्या धक्क्यांनी आतील जोड सैल होतात. शिवाय घरगुती वापरासाठी दिलेली वॉरंटी वाहनातही लागू राहते का, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याखेरीज गृहीत धरू नये.

बॅटरीवर छापलेला अँपिअर-तासांचा आकडा वाचतानाही सावध असावे लागते, कारण तो एका विशिष्ट गतीला खरा असतो. आकड्याशेजारी ‘सी-20’ असे लिहिलेले असेल, तर ती क्षमता वीस तासांत सावकाश उतरवली असता मिळणारी आहे, म्हणजे 150 अँपिअर-तासांची बॅटरी साडेसात अँपिअर प्रवाह वीस तास देईल. ‘सी-10’ असेल, तर तोच आकडा दहा तासांत मिळतो. त्यामुळे समान आकड्याच्या दोन बॅटऱ्यांमध्ये सी-10 लिहिलेली अधिक दमदार असते. उतरवण्याचा वेग वाढला की शिसे-आम्ल बॅटरीतून मिळणारी एकूण वीज घटते, हे नाते जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी 1897 मध्ये सूत्रबद्ध केले. त्यांच्या सूत्रात आम्ल भरलेल्या बॅटरीसाठी साधारण 1.25 हा घातांक धरला, तर वर सांगितलेल्या बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत 800 वॅटची इंडक्शन शेगडी लावल्यास सुमारे 75 अँपिअर प्रवाह वाहतो आणि सरळ भागाकाराने येणाऱ्या दोन तासांऐवजी बॅटरी तासाभराहून थोड्या अधिक वेळातच उतरते. स्वयंपाक गॅसवर करावा आणि बॅटरी मंद, दीर्घ कामांसाठी राखावी, हा सल्ला या गणितातून येतो.

किती क्षमतेची बॅटरी लागेल हे दुकानात जाऊन ठरवायचे नसते. ते घरी कागदावर ठरते. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि दिवसातले तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. चौघांच्या कुटुंबाचा नमुनेदार हिशेब असा निघतो: 45 वॅटचा कॉम्प्रेसर-फ्रिज दिवसातला निम्मा वेळ चालला तर 540, छताचे 25 वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर 400, दिव्यांसाठी 100, पंपासाठी 20 आणि मोबाइल-लॅपटॉपसाठी 150, म्हणजे एकूण 1,210 वॅट-तास, याला 12 ने भागले की रोजचे सुमारे 100 अँपिअर-तास येतात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात फ्रिज निम्म्याहून कितीतरी अधिक वेळ चालतो, हे लक्षात घेऊन त्यात भर घालावी. या हिशेबातून हमखास निसटणारी बाब म्हणजे इन्व्हर्टरची स्वतःची भूक: काहीही जोडलेले नसताना तो दहा ते वीस वॅट खात बसतो, आणि चोवीस तासांत हा आकडा तीन-चारशे वॅट-तासांवर जाऊन फ्रिजच्या खर्चाशी स्पर्धा करतो. शक्य ती सर्व उपकरणे थेट 12 व्होल्टवर चालणारी घेऊन इन्व्हर्टर गरजेपुरताच सुरू करावा. एसीची गोष्ट वेगळी आहे. एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा, तर कॉम्प्रेसर मध्येमध्ये मंदावतो हे धरूनही 12 व्होल्टच्या व्यवस्थेतून चार-पाचशे अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्ल बॅटरीवर तो बेत सोडून द्यावा आणि एसी मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या बाहेरच्या विजेवरच चालवावा.

रोजच्या खर्चावरून बॅटरीचा आकार ठरवताना ती कितपत उतरवायची हे आधी ठरवावे लागते. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असा प्रघात आहे, कारण जितके खोल उतरवावे तितकी आयुष्यातील आवर्तने घटत जातात. त्यामुळे रोजच्या 100 अँपिअर-तासांसाठी 200 आणि चार्जिंगविना दोन दिवस काढायचे तर 400 अँपिअर-तास हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत निर्धास्त उतरवता येत असल्याने तेच काम अनुक्रमे 125 आणि 250 मध्ये भागते.

आम्ल भरलेली साधी बॅटरी सर्वांत स्वस्त असते आणि चुकाही पुष्कळ सोसते; मात्र तिला पाणी घालावे लागते, ती सरळच ठेवावी लागते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून अशी बॅटरी झोपण्याच्या जागेपासून वेगळ्या, बाहेरच्या बाजूला झरोका असलेल्या पेटीतच ठेवावी. एजीएम बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून धरलेले असते. ती सांडत नाही, धक्के सोसते, पाणी मागत नाही आणि अधिक वेगाने चार्ज होते. मात्र जास्त व्होल्टेज दिले की तिच्यातून उडालेले पाणी परत घालण्याची सोय नसते. जेल बॅटरी त्याहूनही नाजूक मिजासीची असल्याने, तिच्यासाठी खास मांडणी असलेला चार्जर हाताशी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार मात्र सविस्तर समजून घेण्याजोगा आहे. त्याचे मूळ अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठात केलेल्या व 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. या रसायनातील ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने मोबाइलमधील लिथियम पेशींच्या तुलनेत ते तापून पेट घेण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. प्रत्येक पेशी 3.2 व्होल्टची, अशा चार पेशी मिळून 12.8 व्होल्टची बॅटरी होते. 100 अँपिअर-तासांची अशी बॅटरी बारा किलोंच्या आसपास भरते, जेथे तितक्याच क्षमतेची एजीएम जवळपास तीस किलोंची असते. शिसे-आम्लाला काहीशे ते हजारभर आवर्तने मिळतात, तर हिला दोन ते चार हजार मिळणे सामान्य आहे. सर्वांत मोठा गुण असा, की ती अर्धवट चार्ज राहिल्याने तिचे काहीही बिघडत नाही, आणि राहत्या वाहनात बॅटरी अर्धवट चार्ज राहणे हेच नित्याचे असते. उणीव थंडीची आहे. शून्य अंशाखाली तिला चार्ज केले तर लिथियम धातुरूपाने ऋण टोकावर साचून पेशी कायमची बिघडते. त्यामुळे हिवाळ्यात स्पितीकडे किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जाणाऱ्याने कमी तापमानात चार्जिंग आपोआप तोडणारी नियंत्रण यंत्रणा बॅटरीत आहे याची खात्री करून घ्यावी. बीएमएस या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा पेशींचे व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान यांवर लक्ष ठेवते; ती नसलेली स्वस्त बॅटरी कोणत्याही भावात महागच पडते.

आता चार्जिंगकडे वळता येईल. शिसे-आम्ल बॅटरी तीन टप्प्यांत भरते. पहिल्या टप्प्यात चार्जर आपल्या पूर्ण ताकदीने प्रवाह देतो आणि बॅटरीचे व्होल्टेज हळूहळू चढते. आम्ल भरलेल्या बॅटरीला क्षमतेच्या 10 ते 13 टक्के, म्हणजे 200 अँपिअर-तासांना 20 ते 26 अँपिअर, आणि एजीएमला 20 टक्के वा त्याहून थोडा अधिक प्रवाह मानवतो. व्होल्टेज 14.4 ते 14.8 च्या ठरलेल्या पातळीला पोचले की दुसरा, शोषणाचा टप्पा लागतो: व्होल्टेज तेथेच धरून ठेवले जाते आणि प्रवाह आपोआप घटत जातो. हा टप्पाच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एसटीच्या गाडीत पहिल्या बाकांवर माणसे झटपट बसतात, पण शेवटच्यांना जागा करून देण्यात वेळ जातो, तसे पहिले 80 टक्के काही तासांत भरतात आणि उरलेल्या 20 टक्क्यांना तीन-चार तास किंवा अधिकही लागतात. प्रवाह क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर आला की बॅटरी भरली असे मानून चार्जर 13.2 ते 13.5 व्होल्टच्या तिसऱ्या, म्हणजे फ्लोटच्या टप्प्यात जातो, ज्यात केवळ आपोआप होणारी घट भरून निघते.

शोषणाचा टप्पा वारंवार अर्धवट राहिला की प्लेटवर उरलेल्या शिशाच्या सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कडक स्फटिकांत बदलतात आणि ते पुढे कितीही चार्ज केले तरी विरघळत नाहीत. यालाच सल्फेशन म्हणतात. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना आल्टरनेटरवर तीन तास चार्ज झालेली बॅटरी भरली असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात ती शोषणाच्या टप्प्यात जेमतेम शिरलेली असते आणि मुक्कामी पोचताच पुन्हा उतरू लागते. जुन्या अमेरिकी वाहनांतील 13.6 व्होल्टवर स्थिर राहणारे कन्व्हर्टर, म्हणजे बाहेरच्या विजेवर चालणारे चार्जर, हेच नुकसान अधिक संथपणे करतात, कारण त्या व्होल्टेजवर बॅटरी दिवसेंदिवस जोडलेली राहिली तरी सल्फेट पुरते विरघळत नाही. या दुखण्यावर सौर पॅनेल हा उत्तम उतारा आहे. सकाळी आल्टरनेटरने किंवा बाहेरच्या विजेने मोठा भाग भरावा आणि दुपारभर पॅनेलने सावकाश शेवटचा टप्पा पुरा करावा, ही जोडी कोणत्याही एकट्या साधनापेक्षा सरस ठरते. छतावर आडवे बसवलेले 100 वॅटचे पॅनेल कोरड्या हंगामात महाराष्ट्रात दिवसाला साधारण 350 ते 400 वॅट-तास देते, म्हणून वरील कुटुंबाला 300 ते 400 वॅटची पॅनेल लागतील. पावसाळ्यात कोकणात त्यांच्यावर विसंबून राहू नये. पॅनेल आणि बॅटरीमधला नियंत्रक एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलकडून प्रत्येक क्षणी कमाल शक्ती खेचणारा असावा.

बॅटरी जितकी गरम तितके तिला कमी व्होल्टेज लागते. 25 अंश हे प्रमाण धरून प्रत्येक अंशामागे 12 व्होल्टच्या बॅटरीला सुमारे 0.024 व्होल्ट वजा करावे लागतात. नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरीची पेटी 45 अंशांवर गेली, तर 14.6 ऐवजी 14.1 व्होल्टच योग्य ठरतात, आणि थंडीत याच्या उलट. बॅटरीला चिकटवलेला तापमान-संवेदक ही दुरुस्ती आपोआप करतो आणि भारतीय हवामानात तो चैनीची वस्तू नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा ढोबळ नियमही ध्यानात ठेवून बॅटरी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवावी. लिथियम बॅटरीला मात्र तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची गरज नसते आणि चार्जरवरील ती सोय बंद करावी. तिला 14.2 ते 14.6 व्होल्ट पुरतात आणि दीर्घ फ्लोटचीही तिला आवश्यकता नसते.

आल्टरनेटर थेट तारेने किंवा साध्या रिलेने राहण्याच्या बॅटरीला जोडण्याचा जुना मार्ग आता दोन कारणांनी मागे पडला आहे. भारतात 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या अनेक गाड्यांत आल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्वतःचे व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे मागच्या बॅटरीपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचतच नाही. दुसरीकडे, लिथियम बॅटरी मिळेल तितका प्रवाह ओढत असल्याने मंद गतीने फिरणारा, वाऱ्याने पुरेसा थंड न होणारा आल्टरनेटर तापून जळू शकतो. दोन्हींवर उपाय एकच: डीसी-टू-डीसी चार्जर, जो आल्टरनेटरकडून मर्यादित प्रवाह घेतो आणि बॅटरीला तिच्या प्रकारानुसार अचूक व्होल्टेज देतो.

आम्ल भरलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटरच आणि तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे, कारण चार्ज होताना द्रव फुगतो आणि आधी काठोकाठ भरलेले आम्ल उतू जाते; प्लेट उघड्या पडल्या असतील तेवढेच त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे. वरून आम्ल कधीही घालू नये. पेशींमधील आम्लाच्या घनतेत तफावत दिसल्यास 15.5 ते 16 व्होल्टवर काही तास समतोल-चार्जिंग करता येते, पण ते केवळ याच प्रकारच्या बॅटरीला चालते, आणि त्या वेळी फ्रिज, दिवे वगैरे सर्व उपकरणे तोडून ठेवावी लागतात.

बॅटरी किती भरली आहे हे दिव्यांच्या उजेडावरून ठरत नाही. भार आणि चार्जर दोन्ही तोडून काही तास विसावलेली शिसे-आम्ल बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण, 12.1 च्या आसपास असेल तर निम्मी आणि 11.9 च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी समजावी. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर अधिक विश्वासार्ह साक्ष देतो. पूर्ण चार्ज असताना अमेरिकी डीप-सायकल बॅटरीत घनता 1.265 ते 1.280 येते, तर भारतातील ट्युब्युलर बॅटरीत ती 1.240 च्या आसपास असते, म्हणून इंटरनेटवरचा अमेरिकी तक्ता पाहून येथील बॅटरीला दोष देऊ नये. लिथियमच्या बाबतीत व्होल्टेज जवळपास सपाट राहते, 90 टक्के आणि 40 टक्के यांत दोन-तीन दशांश व्होल्टांचाच फरक असतो, त्यामुळे आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट-मॉनिटर लावणे अपरिहार्य ठरते.

जोडणीत काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. धन टर्मिनलपासून शक्यतो वीतभर अंतरातच फ्यूज हवा, कारण तेथून पुढे तार कुठेही घासली तरी बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. 2,000 वॅटचा इन्व्हर्टर 190 अँपिअरच्या आसपास खेचतो आणि त्यासाठी 70 चौरस मिलिमीटर काटछेदाची तांब्याची केबल लागते. समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांमध्ये धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्यावी, म्हणजे भार सारखा वाटला जातो. नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जोडू नये.

पावसाळ्याचे चार महिने वाहन उभे राहणार असेल, तर शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून, ऋण तार सोडून ठेवावी व महिन्यातून एकदा चार्जिंगला लावावी. गॅसची सूचना देणारे यंत्र किंवा म्युझिक सिस्टिम यांसारखी सदैव जागी असणारी उपकरणे तिला गुपचूप रिकामी करतात. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतला द्रव उणे 10 अंशांच्या आसपास गोठून डबा फुटू शकतो, हे उत्तरेकडील प्रदेशांत राहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. लिथियम उलट निम्मी भरून ठेवलेली बरी.

खरेदीच्या वेळी उत्पादनाचा महिना पाहावा, सहा महिन्यांहून अधिक काळ दुकानात पडून असलेली किंवा 12.4 व्होल्टहून कमी दाखवणारी शिसे-आम्ल बॅटरी घेऊ नये, आणि जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्यावी, कारण 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. वर्षातून काही मोजक्या सहली करणाऱ्या आणि बहुधा विजेची सोय असलेल्या मुक्कामी थांबणाऱ्या कुटुंबाला एजीएम पुरेशी आहे. लिथियमचा जास्तीचा खर्च त्यांच्या बाबतीत वसूल होत नाही. महिन्यातले कित्येक दिवस जोडणीविना काढणाऱ्यांसाठी लिथियम फॉस्फेटच स्वस्त पडते, मात्र चार्जर, डीसी-टू-डीसी यंत्र आणि सौर नियंत्रक हे तिन्ही तिला अनुरूप असतील तरच. जुनी बॅटरी ‘बसली’ म्हणून नवी घेण्याआधी वाचकाने एक काम अवश्य करावे: चार्जर लावल्यावर अधूनमधून मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजावे, आणि संपूर्ण चार्जिंगच्या काळात ते 14.4 च्या जवळपासही पोचत नसेल, तर पैसा आधी चार्जरवर खर्च करावा.